ऐकीव उंट

मी उंट बोलतोय. आधी हसून घ्या. मला सवय आहे. आणि हसू दाबून ऐकणाऱ्या गिऱ्हाइकाचं मालाकडे लक्ष नसतं, हे मी पिढ्यानपिढ्या पाहत आलोय.

झालं हसून? मग या, असे डावीकडच्या भिंतीजवळ या. खांबाला टेकू नका, त्याचा चुना कपड्यांना लागतो. आता वर बघा. तो तारा, त्याच्या मागोमाग बाळ येशूच्या भेटीला निघालेले तीन राजे, आणि राजांच्या मागे एक जनावर. काही लोक त्याला आजारी घोडा समजतात, काही गाय समजतात. एका चष्मेवाल्या पाहुणीने तर "ही सामानाची हातगाडी किती छान रंगवलीय" असं म्हटलं होतं. तो मी.

ही चर्चची वास्तू आज एवढी भारदस्त दिसते, पण ती बांधताना गावाची निम्मी हयात गेली. एकट्याच्या ऐपतीचं काम नव्हतंच ते. म्हणून गावाने वाटणी केली. रंगीत काचांच्या खिडक्या सोनारांनी घेतल्या, खांब खलाशांनी घेतले, बाक सुतारांनी दिले. सुतारांनी बाक इतके कडक केले की प्रवचनात कुणाला झोप येऊ नये हा त्यांचा धर्म की सूड, ते अजून ठरलेलं नाही. डावी भिंत आली गावातल्या कापडाच्या शेटजींकडे.

शेटजी म्हणजे मोठी बोलकी असामी. कापड विकता विकता ते गोष्ट विकत. "हे रेशीम मी स्वतः वाळवंट ओलांडून आणलंय. उंटाच्या पाठीवर. तहानेने जीव जातोय, पण गाठोडं सोडलं नाही!" गिऱ्हाईक गोष्टीत गुंतलं की कात्री चालायची. खरं सांगायचं तर शेटजींची धाव बंदरापर्यंत. तिथे जहाजं लागत, तिथून ते ठोक माल उचलत आणि जेवायच्या आत घरी परत. गावाला हे ठाऊक नव्हतं. शेटाणीबाईंना पक्कं ठाऊक होतं. पण दुकान चाललंय तोवर नवऱ्याला वाळवंटात राहू द्यावं, असा त्यांचा हिशेब.

भिंतीवर काय काढायचं, असं चित्रकाराने विचारलं तेव्हा शेटजी म्हणाले, "तीन राजे काढा. मागे आमचा उंट काढा. आणि उंटावर कापडाचे गठ्ठे जरा ठळक येऊ द्या." देवाच्या घरात जाहिरात करायची कल्पना तेव्हा नवी होती.

आता त्या कामाची रीत सांगतो, कारण माझं सगळं भलंबुरं त्या रीतीमुळे झालं. हे चित्र ओल्या चुन्यावर काढतात. सकाळी भिंतीच्या एका तुकड्याला गिलावा करायचा आणि तो ओला आहे तोवर रंग भरायचा. चुना सुकताना रंग पोटात घेतो आणि मग सोडत नाही. गिलावा सुकला की कारभार आटोपला. त्यामुळे त्या दिवशी चित्रकाराला थांबायला वेळ नव्हता, आणि शेटजींना पळायला जागा नव्हती.

चित्रकार परांचीवर बसलेला, हातात ब्रश. शेटजी खाली. शेटाणीबाई डबा घेऊन आलेल्या.

"शेटजी, उंट मी पाहिलेला नाही. तुम्ही सांगा, मी काढतो."

शेटजी घसा खाकरून म्हणाले, "उंट म्हणजे… मोठा असतो."

"पाय?"

"चार."

"ते मी धरूनच चाललो होतो. टापा असतात का?"

"तर! वाळूतून चालला की टपटप आवाज घुमतो."

"वाळूत?" शेटाणीबाईंनी डब्याचं झाकण उघडता उघडता विचारलं.

"तू मध्ये बोलू नकोस. पाठीवर, हे लिहून घ्या, पाठीवर ओझं असतं. जन्मजात."

"जन्मजात ओझं? म्हणजे कसं?"

"म्हणजे गाठोड्यासारखं. सुटत नाही."

"मग बांधलेलं असतं?"

"बांधलेलंच म्हणा."

अशी माझ्या पाठीवर दोन गाठोडी आली, वर सुतळीची गाठ मारलेली. बघा, नीट बघा, गाठीची दोन टोकंसुद्धा काढली आहेत. त्या माणसाच्या हातात कला होती हो. दोष माहितीचा होता.

"तोंड कसं असतं?"

शेटजींनी दाराबाहेर पाहिलं. बाहेर चुनेवाल्याचं गाढव उभं होतं. "साधारण असंच. फक्त अनुभवी."

गिलावा सुकत चालला होता. चित्रकाराने गाढव उचललं, चेहऱ्यावर अनुभव घातला आणि विचारलं, "तोंडात काही देऊ का? मोकळं तोंड बरं दिसत नाही. खातो काय हा?"

शेटजींनी पुन्हा दाराबाहेर पाहिलं.

"वाळवंटात गवत तर नसणार."

"छे! गवत कुठलं." शेटजींनी आयुष्यात प्रवास केला होता तो बंदराचा, तेव्हा तिथे जे दिसायचं तेच त्यांच्या तोंडून गेलं. "मासे खातो."

"अहो, वाळवंटात मासे?" शेटाणीबाईंच्या हातातला घास तसाच राहिला.

"सुके!" शेटजी म्हणाले.

माझ्या तोंडात तो सुका मासा तेव्हापासून आहे. ना गिळवत, ना टाकवत.

पडदा निघाला त्या दिवशी सगळा गाव जमला. उंट कुणीच पाहिलेला नव्हता, त्यामुळे मी सगळ्यांना पटलो. एक खलाशी तेवढा फिसकन हसला. म्हणाला, "मी पाहिलाय उंट. असा नसतो." शेटजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रेमाने म्हणाले, "बाबा रे, तू पाहिलास तो किनाऱ्यावरचा. हा आतला." खलाशी विचारात पडला तो पडलाच.

पुढे बरीच वर्षं मी मजेत काढली. मेणबत्त्यांच्या धुराने थोडा सावळा झालो. मग एक कडक शिस्तीचे फादर आले. त्यांना चित्रं म्हणजे मनाचा चाळा वाटायचा. त्यांनी सगळ्या भिंतींना पांढरा चुना फासला. राजे गेले, तारा गेला, मी गेलो. चुन्याखाली कसं वाटतं म्हणाल, तर डोक्यावरून पांघरूण घेतल्यासारखं. ऐकू सगळं यायचं. लग्नं ऐकली, बारशी ऐकली, एकाच कुटुंबातल्या चार पिढ्यांची खोकण्याची पद्धत ओळखू यायला लागली. दिसत मात्र काही नव्हतं.

मग एका ओलसर दिवशी चुन्याचा एक पोपडा पडला. नेमका कुठे? तर माझ्या तोंडाशी. आणि पोपड्याखालून दिसला मासा.

आता ख्रिस्ती लोकांत मासा ही फार जुनी पवित्र खूण. झालं! "खूण प्रकटली, खूण प्रकटली" म्हणत माणसं धावत आली. गुडघे टेकले, फुलं वाहिली. एका विद्वानाने तर माशासमोर उभं राहून लांबलचक भाषण केलं. या माशाच्या डोळ्यातला भाव, त्याच्या शेपटीतली नम्रता, आणि याच्या मागे खात्रीने कुणी तरी थोर संत असणार! हलक्या हाताने चुना खरवडायला घेतला. सगळे श्वास रोखून उभे. माशाच्या मागून आधी एक ओठ निघाला. मग दात निघाले. विद्वान म्हणाले, "संत जरा वयस्क दिसतात." मग गाढवाचे कान निघाले आणि विद्वानांना अचानक गावाला जायचं काम निघालं.

पण चांगलं हे झालं की सगळी भिंत मोकळी झाली. राजे आले, तारा आला, मीही पुन्हा उजेडात आलो.

आता अलीकडची गोष्ट. हल्लीचे फादर माणूस म्हणून सोन्यासारखे. उत्साही, टापटिपीचे, रुमालाच्याही चार घड्या करणारे. त्यांच्या मनाने एकच घेतलं होतं. या चर्चला 'बॅसिलिका' हा मान मिळाला पाहिजे. हा मान थेट वरच्या, म्हणजे पोपच्या दरबारातून येतो, चर्च जुनं हवं, कला मोलाची हवी, आणि पाहुणे येऊन तपासून जातात. फादरांनी खिडक्या धुतल्या, खांब पुसले, घंटेला तेल घातलं. मग ते माझ्यासमोर आले आणि त्यांचा चेहरा पडला.

"सगळं ठीक होईल," ते चर्च कमिटीला म्हणाले, "पण या उंटाचं काय? पाहुणे विचारतील, हे काय आहे? मी काय सांगू?"

त्यांनी बाजारातल्या बोर्डवाल्या पेंटरला बोलावलं. पेंटर मला बघून म्हणाला, "किरकोळ काम आहे. ऑइलपेंट मारतो, एका दिवसात खरा उंट. फादर, हातासरशी राजांचे मुकुटही चमकवून देऊ का? दुकानाच्या पाट्यांवर मारतो ना, तोच सोनेरी."

माझ्या तोंडातला मासा थंड पडला. चुन्यावर ऑइलपेंट म्हणजे माझं नाक दाबून तोंडात बोळा. आणि जो उरेल तो मी नसेन. कुणीतरी बरोबर उंट असेल. बरोबर उंट जगात पुष्कळ आहेत हो.

त्या वेळी उठल्या त्या काकू. कापडवाल्या काकू म्हणजे त्याच शेटजींच्या वंशातल्या. दुकान अजून तिथेच, नाव 'वाळवंट वस्त्रभांडार', आणि काउंटरमागे पाटी: 'वाळवंट ओलांडणाऱ्या घराण्याची परंपरा'. नवऱ्याच्या माघारी काकू एकट्या ते चालवतात. त्यांच्या तोंडाला लागून दुकानातून रिकाम्या हाताने बाहेर पडलेला माणूस मी तरी ऐकलेला नाही.

"फादर, उंट चुकीचा आहे असं कोण म्हणतं?"

"काकू, अहो, बघा ना त्याच्याकडे!"

"बघतेय. आमचे पूर्वज स्वतः जाऊन उंट बघून आले. त्यांनी सांगितला तो असा. तुम्ही गेला होतात?"

फादरांनी शाळेच्या पुस्तकातलं उंटाचं चित्र पुढे केलं. काकूंनी ते लांब धरून पाहिलं. "हेही चित्रच आहे ना? कुणीतरी सांगितलं म्हणून कुणीतरी काढलेलं. तुमच्या चित्रकाराचं खरं आणि आमच्याचं खोटं, असं कसं?"

"काकू, त्याच्या पाठीवर सुतळीची गाठ आहे!"

"त्या काळी असेल."

मला भरून आलं. पण मला हेही दिसत होतं की काकूंचा जीव माझ्यात कमी आणि त्या पाटीत जास्त अडकलाय. उंट खोटा ठरला की वाळवंट खोटं ठरणार, आणि वाळवंट गेलं की काउंटरमागे काय उरलं? नुसतं कापड. ते तर समोरच्या दुकानातही मिळतं.

शेवटी सौदा ठरला. नदीपलीकडे जत्रेच्या मैदानात मुलांना पाठीवर फिरवणारा एक उंट आला होता. तो जिवंत उंट चर्चमध्ये आणायचा आणि माझ्या शेजारी उभा करायचा. काकूंनी अट घातली, "एक अवयव जरी जुळला तरी आमच्या उंटाला हात लावायचा नाही."

"आणि एकही नाही जुळला तर?"

"तर पेंटरचा डबा मी स्वतः उघडून देईन. आमच्या घराण्यात शब्द म्हणजे शब्द."

फादर मनात हसले. पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे होते, तोवर काम उरकलं असतं.

उंट आला. मोठ्या दरवाजातून, मधल्या वाटेने, दोन्हीकडच्या बाकांकडे बघत, एखादा बडा सावकार जप्तीला यावा तसा. मी जन्मात पहिल्यांदा उंट पाहिला. काय सांगू? मला तो साफ चुकीचा वाटला.

उंटवाला मात्र भला माणूस. त्याने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा कळवळला.

"हे काय आहे?"

"उंट," काकू ठामपणे म्हणाल्या.

तो जवळ आला, मान वाकडी करून माझे पाय पाहिले, पाठ पाहिली, डॉक्टर बघतात तसं. हळूच म्हणाला, "याला खायला काय घालत होते?"

"सुके मासे."

"तरीच."

मग तपासणी सुरू झाली. माझ्या पायांना टापा, त्याच्या पायांना मऊ गादी. माझी दोन गाठोडी, त्याचा एक उंचवटा, आणि त्यावर गाठ नाही. काकूंनी हात फिरवून खात्री करून घेतली. माझी शेपूट झुबकेदार, त्याची दोरीसारखी. मान जुळेना, कान जुळेनात. तोंडाशी आल्यावर काकू आशेने पुढे वाकल्या, तेवढ्यात उंटाने वेदीजवळच्या फुलदाणीतली सगळी फुलं एका घासात उचलली आणि त्यांच्याकडे बघत सावकाश चघळली. ते तोंड गाढवाचं नव्हतं. काकूंनी प्रयोग म्हणून घरून आणलेला वाळका मासा उंटवाल्याने त्याच्यापुढे धरला. उंटाने तो हुंगला आणि मान फिरवली.

"झालं, काकू," फादर मऊ आवाजात म्हणाले. जिंकल्याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता, पण वाईटही वाटत होतं.

काकूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खाली वाकून पेंटरच्या डब्याचं झाकण खरंच स्वतःच्या हाताने उघडलं. ऑइलपेंटचा वास माझ्यापर्यंत आला. पेंटरने ब्रश बुडवला. खरा उंट कंटाळून मधल्या वाटेत फतकल मारून बसला.

"आमचे शेटजी," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, "कधी गेलेच नव्हते वाळवंटात. नाही ना?"

उंटवाला बुटांकडे बघायला लागला.

"सगळ्यांच्या समोर सांगते. थाप होती. पिढ्यानपिढ्या आम्ही थाप विकली." एवढं बोलून काकूंनी मान वर केली, अश्रू गालावर येऊ नयेत म्हणून असेल. वर छत होतं. छतावर माझ्याच चित्रकाराने काढलेला देवदूतांचा थवा. गुबगुबीत, पंखवाले, काहींच्या हातात कर्णे.

काकू बराच वेळ वर बघत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर तो भाव आला, जो गिऱ्हाईक उठून दारापर्यंत गेल्यावर येतो.

"पेंटर, थांब रे जरा. फादर, हे वरचे देवदूत. हे कुणी पाहून काढले?"

"काकू, देवदूतांचं वेगळं आहे."

"वेगळं कसं? पाहून काढले?"

"नाही, पण… ज्यांनी सांगितलं ते थोर लोक होते."

"आणि उंट सांगणारे थापाडे होते. मान्य, आत्ताच मान्य केलं. पण चित्रकार तर एकच ना? त्याने दोघांचंही ऐकलं, दोघांवरही विश्वास ठेवला आणि जीव ओतून काढलं. गेल्याच रविवारी तुम्ही प्रवचनात काय सांगत होतात? डोळ्यांनी बघून कुणीही विश्वास ठेवतो, न बघता ठेवला तर खरा. मी तिसऱ्या बाकावर होते, जागी होते."

फादरांनीही मान वर करून छताकडे पाहिलं.

"शब्द मी पाळते. मारा रंग. पण मग न्यायाने मारा. आधी एक जिवंत देवदूत आणा, जत्रेत मिळतो का बघा, तो छताखाली उभा करा, पंख जुळवून घ्या. त्यानंतर उंटाला हात लावा."

"वा!" असा आवाज दरवाजातून आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. पाहुणे आले होते. एक दिवस आधीच. सगळ्यात पुढे काठी टेकत एक वृद्ध पाहुणे, अंगावर लांब काळा झगा. ते कधीपासून उभे होते कोण जाणे. आत यायला वाट नव्हती, कारण वाटेत उंट बसला होता.

फादर पांढरे पडले. "मी… हे… उंट रोज नसतो इथे."

"कुठला?" म्हाताऱ्या पाहुण्यांनी विचारलं.

त्यांनी उंटाला वळसा घातला, माझ्यासमोर येऊन उभे राहिले, टापांपासून माशापर्यंत मला पाहिलं. त्यांचे खांदे हलायला लागले. मग ते इतके हसले, की त्यांना सुतारांच्या त्या कडक बाकावर बसवून पाणी द्यावं लागलं. डोळे पुसत ते फादरांना म्हणाले, "ब्रश धुऊन टाका. माझ्या तपासणीत असली चित्रं खूप येतात, ज्यात सगळं बरोबर असतं. ती मला घरी गेल्यावर आठवत नाहीत."

पेंटरने ब्रश पुसला. जाता जाता मात्र आशेने विचारलंच, "मुकुट तरी?"

"नाही!" काकू आणि फादर एकदम म्हणाले. त्या दोघांचं एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

उंटाला उठवायला संध्याकाळ झाली. चर्चला मान मिळायला त्याहून बराच वेळ लागला, पण मिळाला. आता दाराशी दगडात कोरलंय, 'बॅसिलिका'. माझ्या खाली फादरांनी स्वतः मजकूर सांगून एक छोटी पाटी लावली आहे: 'उंट. ऐकीव माहितीवरून.' काकूंनीही दुकानातली जुनी पाटी उतरवली. चार दिवस भिंत रिकामी होती. मग नवी आली: 'वाळवंट न ओलांडता उत्तम कापड देणारे एकमेव घराणं'. वर माझं चित्र. विक्री वाढली, असं कानावर आहे.

तुम्ही एवढ्या लांबून आलात, आपुलकीने ऐकलंत. आता जाता जाता एक काम करा. माझ्या मागच्या भिंतीबाहेर छताची पन्हळ फुटली आहे. पाऊस आला की ओल आत उतरते, आणि डाव्या टापेचा चुना सुटायला लागलाय. फादरांना काकूंनी सांगून झालं, मोठ्या पाहुण्यांनी लिहून झालं. पण फादर हल्ली फार खुशीत असतात, आणि कुणी पन्हळीचं काढलं की हसत म्हणतात, "अहो, उंटच तो. त्याला पाण्याचं काय!"

त्यांचं ऑफिस बाहेर पडल्यावर उजव्या हाताला आहे. दार वाजवा आणि माझा निरोप सांगा. म्हणावं, फादर, ते खऱ्या उंटाचं. हा चुन्याचा आहे.